भिंतीवरचे चाचा, खुर्चीतले चाचा

आबांना चाचांचं फक्त सर्टिफिकेट हवं होतं. चाचा स्वतः येऊन बसतील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

हे आधी नीट सांगायला पाहिजे, नाहीतर आमच्या घरच्यांसारखं तुम्हीही म्हणाल की यात एवढं चिडण्यासारखं काय आहे. औषधाचं दुकान काढायचं तर एक शिकलेला, नोंदणी झालेला फार्मासिस्ट दाखवावा लागतो. त्याचं प्रमाणपत्र फोटोसकट भिंतीवर टांगायचं आणि तो माणूस विक्रीच्या वेळी दुकानात हजर पाहिजे, असा कायदा. आमच्याकडची रीत अशी की कायद्याचा पहिला अर्धा भाग पाळायचा. कागद भिंतीवर, माणूस त्याच्या घरी. कुणी पुण्यात कंपनीत असतो, कुणी शेती बघतो. आमच्या ओळखीतला एकजण तर दुबईत होता, आणि त्याचा फोटो इकडं बसस्टँडजवळ गोळ्या विकत होता. दिवाळीला त्याच्या घरी मिठाई पोचली की सगळे सुखी.

गेवराईत आबांनीही तेच ठरवलं होतं. आबा म्हणजे वजनदार माणूस. जमीन, वाळूचे दोन हायवा ट्रक, पंचायत समितीला उभं राहायची तयारी. मेडिकल त्यांनी काढलं ते, आपलंही एक असावं म्हणून. पहिलं वर्ष ते दुसऱ्याच कुणाच्या कागदावर चाललं, मग त्यानं कागद परत नेला. चाचा एका औषध कंपनीत गोळ्या तपासायच्या खात्यात आयुष्य घालवून नुकतेच गावी परतले होते. आबांनी त्यांचा कागद घेतला, काचेच्या फ्रेममध्ये घातला, टांगला, पुन्हा नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शटर उघडायला गेलो, तर कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालून, घडीची खुर्ची बगलेत मारून चाचा दारात उभे.

"चाचा, तुमी कावून तरास घेतला?" आबा म्हणाले.

"भिंतीवर कोण हाय?"

"तुमीच की."

"मग खाली दुसरं कोण बसल?"

आणि त्यांनी ती खुर्ची बरोब्बर फ्रेमच्या खाली मांडली. वर एक चाचा, खाली एक चाचा. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच त्यांना आवतण दिलं होतं.

त्या दुकानात प्रत्यक्ष औषधं विकणारा माणूस मी. शिक्षण बी.ए., विषय मराठी आणि इतिहास. औषधांशी माझा त्याआधीचा संबंध म्हणजे लहानपणी आईनं नाक दाबून पाजलेलं एरंडेल. पण वर्षभर काउंटरला उभा राहिलो, डॉक्टरांचं अक्षर लागायला लागलं, कुठल्या दुखण्याला कुठली गोळी जाते ते पाठ झालं. एके दिवशी एका म्हातारबाबांनी मला 'डॉक्टर' अशी हाक मारली. मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. तेव्हापासून मी छाती काढून उभा राहायला लागलो. बायको म्हणते, पोट काढून. तिचं म्हणणं मी नोंदवून घेतलं आहे.

चाचांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "शिक्षण काय?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. त्यानंतर माझं नाव 'बी.ए.' पडलं. रोज सकाळी आल्या आल्या ते म्हणायचे, "बी.ए., बिगर शिकलेल्यानं औषध दिलं तर जेल हाय. मालूम हाय ना?"

"हाय, चाचा."

"मग चल, झाडू मार."

त्याच पहिल्या दिवशी त्यांनी रजिस्टर मागितलं. काही औषधं अशी असतात की ती नुसत्या चिठ्ठीवर देऊन भागत नाही. कुणाला दिलं, कुठल्या डॉक्टरनं लिहिलं, किती दिलं, हे सगळं वेगळ्या वहीत लिहून ठेवावं लागतं. जोराची अँटिबायोटिकं, झोपेच्या गोळ्या, क्षयाची औषधं, कोडीन घातलेल्या खोकल्याच्या नशेच्या बाटल्या. आमची वही फार देखणी होती. अक्षर माझं. पण ती मी लिहिली होती एका दुपारी, आबांच्या सांगण्यावरून, मागच्या तीन महिन्यांची एकदम. एवढी नावं आणायची कुठून? काउंटरवर कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका पडली होती. आमच्याकडच्या पत्रिकेत नावांना काही तोटा नसतो.

चाचांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एका माजी सरपंचांना झोपेच्या गोळ्या. त्यांच्याखालोखाल सोसायटीच्या चेअरमनना क्षयाचं औषध. मग समस्त भावकी, ओळीनं, अँटिबायोटिकवर. चाचांचा आवाज चढत गेला.

"अरे, ह्या नवरदेवाला कोडीनची बाटली दिली का तू?"

मी कपाटातली खोकी सरळ करायला लागलो.

"आन् हे कोण? चिमी, सोनू, पिंट्या?"

ते पत्रिकेत तळाला होते. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' या ओळीच्या खाली. लिहिण्याच्या भरात मी त्यांनाही सोडलं नव्हतं.

आबा हसले. मीही हसलो. चाचा हसले नाहीत. ते वही हातात घेऊन उभे राहिले. "हासता? उद्या ह्या औषधानं कुणाचं वाईट झालं तर ह्या वहीत बघायचं असतंय. कुणी घेतलं, कुठनं घेतलं. त्यासाठी हाय ही वही. तुमी तिच्यात वरात काढली!"

मला तेव्हा वाटलं, म्हातारा दोन दिवसांत कंटाळून जाईल. म्हातारा दोन वर्षं राहिला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. नवीन गिऱ्हाईक आलं की ते आधी फ्रेमकडं बोट करायचे, मग स्वतःकडं. "वर बघा. खाली बघा. जुळतंय का? आता विचारा." लोक खरंच वर बघायचे, खाली बघायचे. एक आजी म्हणाल्या, "वरचा जरा बरा दिसतोय." चाचांनी मान डोलावली आणि त्यांना रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची की रात्री, हे तीनदा वदवून घेतलं. गोळ्यांचं पान कापायचं तर ते मुदतीची तारीख राहील असंच कापायचे. कंपनीची माहितीची घडी, जिचा उपयोग मी पुडी बांधायला करायचो, ती ते भिंगातून वाचायचे आणि कोटाच्या खिशात ठेवायचे. सणासुदीचं काही गोड राखून ठेवावं तसं.

आणि चिडायचे. आमच्या दुकानात सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे चाचांचा राग. एकदा एक वाळूच्या हायवाचा ड्रायव्हर आला. त्याला खोकल्याची तीच बाटली हवी होती.

"खोकला हाय?" चाचांनी विचारलं.

"लई हाय."

"खोक."

"आं?"

"खोकून दाखव की. लाजतो कावून?"

ड्रायव्हरनं इकडंतिकडं बघितलं आणि शाळेतल्या नाटकात खोकतात तसा खोकला. चाचांनी कान देऊन ऐकलं. "हा छातीतला न्हाई, बाबा. हा मालकाच्या ट्रिपांचा खोकला हाय. घरी जा, झोप काढ."

तो हायवा आबांचाच होता, हे मला माहीत होतं. चाचांनाही माहीत होतं. म्हणून तर ते एवढ्या मोठ्यानं बोलले.

पण त्यांचा खरा राग लाल रेघेवर. रेघेवर म्हणजे, रेघेचं आम्ही जे केलं होतं त्याच्यावर. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही अशा औषधाच्या पानावर, खोक्यावर, डाव्या बाजूला एक उभी लाल रेघ असते. सावध करायला. आमच्या तालुक्यानं तिचा अर्थ उलटा लावला. लोक येऊन सांगायचे, "डॉक्टर, साधी नगं. लाल रेघवाली द्या, जोरात असती ती." आणि मी, बी.ए. मराठी, काय म्हणायचो? मी म्हणायचो, "मावशी, तुमाला म्हणून देतो." एका सरकारनं धोक्याची खूण म्हणून छापलेली रेघ आम्ही जाहिरात म्हणून वापरत होतो, आणि ती छापायला पैसे कंपनीचे.

चाचा मला खुर्चीसमोर उभं करायचे. "बी.ए., एक गोळी इथं यायला किती वर्षं लागतात, मालूम हाय? आधी जनावरावर. मग मोजक्या माणसांवर. मग शेकड्यांनी माणसांवर. कुणाला काय झालं ते लिहायचं. कागदाचे गठ्ठे दिल्लीला जातात. तिथं शिकलेली माणसं बसून वाचतात, शंका काढतात, परत पाठवतात. मग हो म्हणतात. मग ठरतं, ही कुठल्या यादीत. चिठ्ठीवर द्यायची, का चिठ्ठी आन् वहीवर, का आणिक कडक. एवढं सगळं करून ती गेवराईला आली. आन् इथं तू काय करतो? 'मावशी, तुमाला म्हणून देतो!'"

"सगळेच देतात, चाचा."

"आन् दिल्लीवाले तरी काय धुतलेले हायेत का?" इथून गाडी वळायची. राग सगळ्यांना सारखा वाटायची त्यांची पद्धत. "चिठ्ठीबिगर काय विकायचं ह्याची यादीच केली न्हाई त्यांनी. बाकीच्या याद्यांत जे न्हाई ते मोकळं. आन् ही बघ ट्यूब. बुरशीचं औषध, जंतूचं औषध, आन् वर स्टेरॉइड. तीन एकात. कावून? तर डॉक्टरला ओळखायचा ताप नको, आजार कंचा हाय ते. असली किती मिश्रणं दिल्लीला न विचारता कुठल्याकुठल्या राज्यात परवाना काढून बाजारात आली. मी कंपनीत बोललो तर साहेब म्हणला, चाचा, तुमी गोळ्या मोजा."

ती ट्यूब मी नंतर फार वेळा हातात घेतली. म्हणून ती लक्षात आहे.

शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला जायचे. तासाभराचं काम. पण फार्मासिस्ट नाही म्हणजे लाल रेघ नाही, हा त्यांचा हिशेब. सगळी लाल रेघ त्यांनी एका काचेच्या कपाटात गोळा केली होती. त्याला कुलूप लावायचे, किल्ली कोटात, कोट अंगावर, आणि काउंटरवर स्वतःच्या हातानं लिहिलेली पाटी: 'फार्मासिस्ट बाहेर आहे. थांबा किंवा नंतर या.' तालुक्याच्या बाजाराला आलेलं गिऱ्हाईक थांबत नसतं. ते समोरच्या दुकानात जातं. दोन-तीन शुक्रवार आबांनी ते बघितलं आणि एक दिवस माझ्या हातात दुसरी किल्ली ठेवली.

"तू कुणाला सांगायचं न्हाई, मी कुणाला सांगायचं न्हाई."

मी घेतली. आबांचा नोकर होतो म्हणून घेतली, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं असं की मला त्या तासाची गोडी लागली होती. चाचा गेले की मी पुन्हा डॉक्टर व्हायचो.

उमापूरची एक मावशी तिच्या पोरीला घेऊन आली, तेव्हा चाचा खुर्चीत होते. पोरगी विशीतली, काटक, पायात पळायचे बूट. पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे आणि संध्याकाळी उमापूरच्या रस्त्यावर पळायची. घामानं मानेवर गजकर्ण उठलं होतं आणि ते जबड्यावरून गालावर चढत होतं. मावशीनं ट्यूबचं नावच सांगितलं, शेजारणीनं सांगितलेलं.

चाचांनी पोरीला उजेडात उभं केलं. "ही ट्यूब न्हाई. ह्यानं चार दिवसांत बरं वाटल, आन् मग तोंडाचं वाटोळं. ही साधी घे. महिनाभर लावायची, बरं वाटलं तरी लावायची. कपडे उन्हात वाळव, टॉवेल वेगळा. आन् बीडला कातडीच्या डॉक्टरीणबाईला दाखव."

"महिनाभर?" पोरगी म्हणाली. "चाचा, मला खाजंमुळं पळता येईना."

"म्हणून सांगतो, बेटा."

पुढच्या शुक्रवारी मावशी एकटीच आली. पाटी काउंटरवर होती, मी पाटीमागं होतो. साध्या औषधानं काही फरक नाही, पोर रडती, म्हणाली. आठवडाच झाला होता. मी कपाट उघडलं. लाल रेघेचं खोकं तिच्यापुढं ठेवलं आणि चाचा जे कधी करायचे नाहीत ते केलं: हसलो. "मावशी, म्हातारं मानूस हाय, भितंय. ही लावा."

चार दिवसांत खाज गेली. पुढच्या शुक्रवारी मावशीनं माझ्यासाठी शेतातल्या शेंगा आणल्या. नंतर एक ट्यूब. नंतर आणखी. थांबवलं की परत येतंय, म्हणायची. मी म्हणायचो, मग थांबवू नका. एवढं माझं वैद्यकशास्त्र.

तिसऱ्या महिन्यात पोरीचा बाप आला. एकटाच. काउंटरवर त्यानं चार रिकामी खोकी मांडली, एकाशेजारी एक, लाल रेघा सरळ रांगेत. पोरीचं कातडं पातळ होऊन शिरा दिसत होत्या. गालावर लव उठली होती, गजकर्ण चौपट होऊन गळ्यापर्यंत उतरलं होतं, आणि उन्हात पाऊल ठेवलं की तोंड पेटल्यासारखं व्हायचं. पळणं बंद. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं कागदावर लिहून दिलं होतं, आणि तो कागद बाप आधीच औषध खात्याच्या ऑफिसात देऊन आला होता.

"फार्मासिस्ट कोण तुमच्यात?" त्यानं विचारलं.

चाचांनी फ्रेमकडं बोट केलं. मग स्वतःकडं. ते वाक्य मात्र म्हणाले नाहीत.

बाप गेल्यावर चाचांनी कपाटाचं कुलूप हातात घेऊन बघितलं. शाबूत होतं. मग माझ्याकडं बघितलं. मी खिशातली किल्ली काढून काउंटरवर ठेवली. ते एवढंच म्हणाले, "किती शुक्रवार?"

मी सांगितलं. ते खुर्चीत बसले.

चाचांना मूलबाळ नव्हतं. चाची गेल्या होत्या. राहतं घर भावाचं. स्वतःचं म्हणावं असं त्यांच्याजवळ एकच होतं, राज्याच्या नोंदवहीतलं नाव, क्रमांकासकट, आणि उभ्या आयुष्यात त्याच्यावर शाईचा ठिपका पडला नव्हता. आता तेच जाणार होतं, आणि ते घालवलं होतं मी.

आबांनी दोन दिवसांत तोड काढली. ओळखीच्या एका डॉक्टरकडून मागच्या तारखांच्या चार चिठ्ठ्या आणल्या. पोरीचं नाव, ट्यूबचं नाव, सगळं नीट. चाचांनी फक्त म्हणायचं की ट्यूब मी दिली, चिठ्ठी बघून दिली, आणि बिलांवर सही करायची.

"एक सही, चाचा. तुमचंच नाव वाचतंय. डाग न्हाई, नोटीस न्हाई."

"आन् ती पोरगी?"

"पोरीला आपण बघू की. दवाखान्याचं बघू."

"आबा, ती पोरगी मग खोटी पडती. तिला डॉक्टरनं दिलं, फार्मासिस्टनं दिलं, सगळं कायद्यानं झालं, आन् तिचं तोंड तिच्याच नशिबानं गेलं. असंच ना?"

"तुमी लई ताणता बे, चाचा!" आबांच्या तोंडून 'बे' गेला, वयाचं भान राहिलं नाही. चाचांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि चारही चिठ्ठ्या आबांच्या पुढ्यात सरकवल्या. बोटाच्या टोकानं, जशी पाल ढकलावी.

औषध खात्याचे साहेब आले ते मंगळवारी. माणूस वाईट नव्हता. घामाघूम होता आणि त्याला अजून दोन दुकानं करायची होती. मी डायपरच्या थप्पीमागं उभा होतो. तिथं मला काहीच काम नव्हतं. आबा चिठ्ठ्यांची फाईल मांडीवर घेऊन बसले होते, शेवटपर्यंत आशेवर.

"ट्यूब कुणी विकली?" साहेबांनी विचारलं.

चाचांनी हात लांब करून डायपरच्या थप्पीकडं बोट दाखवलं. "ह्यानं. मी नमाजाला गेलतो. कपाट बंद करून गेलतो. ह्यानं उघडलं. चिठ्ठी नव्हती. चार बार."

मला वाटलं होतं, चाचा मला झाकतील. म्हातारी माणसं झाकतात. चाचांनी मला एका बोटानं उघडं केलं, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर मला त्यांचा भयंकर राग आला. मग ते पुढं म्हणाले, "आन् जिम्मेदार मी. नाव माझं हाय."

साहेबांनी त्यांच्या छापील कागदावर लिहायला सुरुवात केली. मालकाचं नाव. फार्मासिस्टचं नाव. विक्रीवेळी फार्मासिस्ट गैरहजर. चिठ्ठीविना विक्री. मी थप्पीमागून बाहेर आलो. कसा आलो माहीत नाही.

"साहेब, ट्यूब मी दिली. माझं नाव लिहा."

"तुम्ही कोण? फार्मासिस्ट?"

"न्हाई."

"मालक? भागीदार?"

"न्हाई. मी... मी इथं असतो."

"नोकरीचा कागद आहे?"

मी आबांकडं बघितलं. आबांनी पंख्याकडं बघितलं.

"मग मधे बोलू नका," साहेब म्हणाले. "घोळ होतो."

इतकी औषधं मी त्या तालुक्याच्या पोटात घातली आणि सरकारच्या लेखी मी तिथं नव्हतोच. शिक्षा करणारं कलम आहे, मी नंतर वाचलं. चाचा रोज सकाळी तेच तर सांगायचे. पण कलम लावायला हातानं नाव लिहावं लागतं, आणि नाव लिहायला जागा छापलेली नव्हती. या गोष्टीवर मी आजही तापतो. जेवताना विषय निघाला तर बायको भाजीचं पातेलं माझ्यापासून लांब सरकवते.

दुकान काही दिवस बंद राहिलं. चाचांची नोंदणी काही काळासाठी थांबवली गेली. दुकान पुन्हा उघडलं तेव्हा भिंतीवर नवीन फ्रेम होती. लांबच्या जिल्ह्यातली कुणी मुलगी, फोटोत छान हसणारी. मी तिला कधी बघितलं नाही. गिऱ्हाइकांपैकी एकानंही विचारलं नाही की चाचा कुठं गेले. उलट दोघं-तिघं म्हणाले, "बरं झालं, आता पटकन मिळतंय." त्या हसऱ्या फोटोखाली मी अजून दोन महिने औषधं विकली. हे सांगताना जीभ जड होते, पण विकली. मग सोडलं. आता माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, आणि तिथल्या मालानं कुणाला इजा झालीच तर ती गाइडं वाचून होते. चाचा नोंदणी परत मिळायची मुदत भरली तरी ती परत घ्यायला गेले नाहीत. भावाच्या ओट्यावर बसायचे, कोट न घालता, आणि त्या कोटाशिवाय ते इतके लहान दिसायचे की मी पहिल्यांदा ओळखलंच नाही. दोन वर्षांपूर्वी ते वारले.

पण मला सांगायचं होतं ते त्याच्या आधीचं. नोंदणी थांबल्याचा कागद आला, त्या दिवसाचं.

चाचांनी स्टुलावर चढून फ्रेम स्वतः उतरवली, फडक्यानं पुसली, पिशवीत ठेवली. मला म्हणाले, "बी.ए., गाडी काढ." मी मोटारसायकल काढली. ते मागं बसले, पिशवी आमच्या दोघांच्या मधे. कुठं जायचं ते सांगायची गरज नव्हती.

उमापुरात मावशीच्या घरापुढं लिंबाची सावली होती. पोरगी सावलीच्या आत, ओढणीनं तोंड बांधून ज्वारी निवडत बसली होती. बापानं बाज टाकली. चाचा बसले. मी उभा राहिलो. चाचांनी कुणाला काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "माझं नाव काढलं. आजपासून मी औषधाबद्दल सांगायचा माणूस न्हाई. ते डॉक्टरीणबाईंनी जे दिलंय तेच करायचं, आन् तेवढंच. मी फक्त ह्याला आणला. चार बार दिली ती ह्यानं दिली. माझ्या नावावर दिली."

बाप माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता मारतो. मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

पोरीनं ओढणी सोडली. तिला दाखवायचं नव्हतं, तिला नीट बोलायचं होतं. गाल कच्च्या मांसासारखा लाल होता आणि ती डोळ्यांवर हात धरून बघत होती, सावलीतही. "बाईंचं औषध लई हळू हाय," ती म्हणाली. चाचांना नाही. मला. "सहा महिने म्हणत्यात. भरतीचं मैदान दोन महिन्यांवर हाय. तुमाला सगळी औषधं म्हाईत असत्यात. मग आता मी कंची लावू?"

चाचांनी मान खाली घातली होती. बापही माझ्याकडंच बघत होता, आणि मला धडकी भरली ती याची, की त्याच्या नजरेत अजूनही थोडी आशा होती.

"मला म्हाईत न्हाई," मी म्हणालो. "तवाबी न्हवतं."

मावशी चुलीपुढून उठून दारात आली होती. तिच्या हातात आमच्यासाठी केलेला चहा होता. ती ना ओरडली, ना रडली. नीट विचारावं तसं तिनं विचारलं,

"मग दिली कावून, बाबा?"